एल्डरविकचा वारस

“पोर रडलं ना?” भावजींनी जिन्याखालून विचारलं.

मी वरच्या पायरीवर उभी होते. बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या आणि घसा असा बसला होता की पहिला शब्द बाहेरच येईना. खाली मोठ्या दालनात सेंट मार्टिनच्या सणाची पंगत बसलेली होती. हिवाळ्याच्या बेगमीसाठी डुकरं कापायचा तो दिवस. अंगणातून सकाळपासून किंकाळ्या येत होत्या आणि दालनात भाजल्या मांसाचा वास कोंडला होता.

“ताई गेली,” मी म्हटलं.

सरदार फुल्क द ग्रोव्हाल, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि डोळे मिटले. ती खूण त्यांनी मनापासून केली, हे मी आजही नाकारणार नाही. मग ते एक पायरी वर आले.

“देव तिला शांती देवो. पण पोर रडलं ना?”

“नाही.”

“असं कसं? आम्ही सगळ्यांनी ऐकलं.” ते पंगतीकडे वळले. “ऐकलंत ना?”

शेजारच्या जहागिरीचे सरदार अन्सेल हातातली बरगडी खाली न ठेवताच म्हणाले, “स्वच्छ ऐकलं.” त्यांच्या आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. टेबलाच्या टोकाला म्हातारे सरदार ड्रोगो बसले होते. त्यांना गेली कित्येक वर्षं चर्चची घंटासुद्धा ऐकू येत नव्हती. त्यांनी बाकीच्यांकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली.

मुलगा की मुलगी, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण सांगायला आवाज नव्हता.

आता यात रडण्याचं एवढं काय, असं कुणाला वाटेल, म्हणून कायदा सांगते. जमीन बायकोच्या माहेरची असली आणि बायको मूल न होता गेली, तर जमीन माहेरी परत. पण एकदा का मूल जिवंत जन्मलं आणि चार भिंतींच्या आत त्याचं रडणं ऐकू आलं, की मग ते मूल लगेच दगावलं तरी चालतं. नवरा ती जमीन मरेपर्यंत खातो. तो मेला की मगच ती माहेरच्यांच्या हाती येते. आणि रडणं ऐकल्याचं शपथेवर सांगायचं ते पुरुषांनी. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला पाऊल टाकता येत नाही, आणि आत असलेल्या बायकांची साक्ष चालत नाही. म्हणजे जे आत होते त्यांनी गप्प बसायचं, आणि जे भिंतीपलीकडे जेवत होते त्यांनी आत काय झालं ते सांगायचं. हा कायदा फार विद्वान माणसांनी केलेला आहे.

माहेर म्हणजे आता मी एकटी, पर्नेल द मोंफ्रेर. आमच्या घराण्याचा मूळपुरुष रोजर, नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमच्या फौजेबरोबर समुद्र ओलांडून आला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर पहिलं पाऊल त्याचंच पडलं, असं आमच्या घरात सांगायची पद्धत आहे. आजी मात्र सांगायची की त्याला बोट लागली होती आणि ओकारी थांबत नव्हती, म्हणून तो सगळ्यांच्या आधी उतरला. लढाई संपल्यावर त्याला एल्डरविकची जहागीर मिळाली: ओकच्या लाकडाचं घर, पाणचक्की, नदीकाठची कुरणं, आजूबाजूची गावं, आणि त्या घराच्या मारल्या गेलेल्या मालकाची सॅक्सन, म्हणजे इथलीच इंग्रज, विधवा. ती लग्नाला स्वखुशीने उभी राहिली असं आमच्याकडे म्हणतात. तिला कुणी विचारलं असं मात्र कुणी म्हणत नाही. तेव्हापासून आम्ही फ्रेंच बोलतो, इंग्रज पिकवतात ते खातो आणि भिंतीवर रोजरची ढाल टांगतो. तिच्यावर तलवारीचा एकही ओरखडा नाही. तो इतक्या चपळाईने लढला, असं वडील म्हणायचे.

वडिलांना मुलगा नव्हता. दोघी बहिणींत वाटणी झाली. थोरल्या माबिलताईला एल्डरविक, आणि मला दलदलीचा एक तुकडा, जिथे डास आणि ईल मासे सोडून काही पिकत नाही. मी कधी कुरकुर केली नाही, कारण मी राहत होते ताईजवळच, जिन्यावरच्या खोलीत. पण ताईच्या मागे ते घर माझं होतं, आणि ते मला हवं होतं. उगाच विरक्तीचा आव आणत नाही. मी तिथे जन्मले होते. कुठलं दार कुठल्या आवाजात कुरकुरतं ते मला झोपेतही कळायचं.

आणि भावजी? ते मनाने वाईट नव्हते, जमिनीने रिकामे होते. त्यांचं घराणं नॉर्मंडीत फार मोठं. पण राजाने नॉर्मंडी गमावली, तेव्हा ते मोठेपण तिकडेच राहिलं आणि इकडे आले ते एक घोडा, एक ढाल आणि फार सुंदर दात घेऊन. ताई त्या दातांवर भाळली. एल्डरविक गेलं असतं तर त्यांना पुन्हा घोड्यावर बसून कुणाच्या तरी पंगतीत जागा शोधावी लागली असती. हे त्यांना त्या जिन्याखाली उभ्या उभ्या कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी ताईला चर्चच्या आवारात पुरलं. बाळाला फादर वॉल्टरनी फाटकापाशीच अडवलं. गुनिल्डा सुईण त्याला लोण्याच्या टोपलीत घालून, वर स्वतःची ओढणी टाकून घेऊन आली होती. मला आणि ताईलाही तिनेच जगात आणलं होतं.

“पाणी घातलंय मी पोरीवर,” गुनिल्डा म्हणाली. “नाव बी ठेवलंय. माबिल. आईचंच.”

“कधी घातलंस?”

“भाईर आल्या आल्या.”

“श्वास होता का?”

गुनिल्डाला खोटं बोलता येत असतं तर ते बाळ त्याच दिवशी आईजवळ गेलं असतं. “न्हवता, बाबा. पन मी समद्यांवर घालते. देवाला काय ठरवायचं ते ठरवू दे.”

“मेलेल्या पोरावर पाणी घातलं की ते नुसतं ओलं होतं, गुनिल्डा. तो बाप्तिस्मा नव्हे.” फादर वॉल्टर कठोर माणूस नव्हते, पण त्यांना नियम पाठ होता, आणि पाठ असलेल्या गोष्टीवर त्यांचं फार प्रेम होतं. “आवारात घेता येणार नाही.”

मग आम्ही दोघींनी तिला भिंतीच्या बाहेर पुरलं. भटके आणि फाशी गेलेले जिथे पुरतात, त्या खड्ड्यांच्या कडेला, एका झुडपाखाली. भिंतीच्या आत ताई आणि बाहेर तिची मुलगी. त्या वेळी माझ्या पोटात जे तुटलं त्याची मला आजही थट्टा करता येत नाही.

भावजी तिथे नव्हते. ते शेजारच्या सरदारांच्या घरी डुकराच्या खारवलेल्या मांड्या पाठवण्यात गुंतले होते.

नाताळनंतर राजाचे फिरते न्यायाधीश आमच्या भागात आले आणि न्यायालय भरलं ते आमच्याच दालनात. न्यायाधीशांना सर्दी झाली होती. पंच म्हणून बारा सरदार बसले, आणि ते सगळे त्या दिवशी त्याच दालनात जेवायला होते. याला हरकत घ्यावी असं मला वाटलं, पण कायद्याच्या दृष्टीने तीच त्यांची लायकी होती. जो जेवला नाही तो ऐकणार कसा?

“सरदार अन्सेल, तुम्ही काय ऐकलंत?” न्यायाधीशांनी विचारलं.

“मुलाचं रडणं, महाराज. खणखणीत. मुलगाच होता.”

“मुलगा, हे रडण्यावरून कळलं?”

“मोठ्या घराण्यातलं असलं की कळतं.”

“त्या दिवशी अंगणात डुकरं कापत होते, असं या बाईंचं म्हणणं आहे.”

“डुक्कर आम्ही ओळखतो, महाराज. आम्ही तेच खात होतो.”

दालनात हशा पिकला. न्यायाधीशही हसले, मग शिंकले, मग पुन्हा गंभीर झाले. “नोकरचाकरांपैकी कुणाचं पोर रडत असेल. ते कशावरून नव्हे?”

अन्सेल दुखावले गेले. “महाराज,” ते म्हणाले, “ते रडणं फ्रेंच होतं.”

मला वाटलं, आता तरी न्यायाधीश त्यांना बाहेर घालवतील. न्यायाधीशांनी मान डोलावली आणि कारकुनाने ते लिहून घेतलं.

शेवटी सरदार ड्रोगोंची पाळी आली. न्यायाधीशांनी प्रश्न विचारला. ड्रोगो छताकडे बघत बसले. न्यायाधीशांनी तो मोठ्याने विचारला. मग इतक्या मोठ्याने विचारला की तुळईवरची कबुतरं उडाली. शेजाऱ्याने ड्रोगोंच्या बरगडीत कोपर मारलं.

“ऐकलं,” ड्रोगो म्हणाले. “अजून कानात घुमतंय.”

मी उभी राहिले. “महाराज, मी खोलीत होते. तो आवाज कुणाचा होता ते मी...”

न्यायाधीशांनी हात वर केला. माणूस सभ्य होता, आवाजही मवाळ होता. “बाई, तुम्ही जमीन मागू शकता. तो तुमचा हक्क आहे. पण खोलीत काय झालं ते तुम्ही सांगू शकत नाही.”

“का?”

“कारण तुम्ही खोलीत होतात.”

“बरं. मग एवढंच विचारा, की जिवंत जन्मलेलं मूल चर्चच्या भिंतीबाहेर का पुरलं?”

पंचांमध्ये जरा चुळबुळ झाली. भावजींनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. त्यांनी याचा विचार केलेला नव्हता. पोर कुठे पुरलं हे त्यांना ठाऊकच नसावं.

“तो धर्माचा प्रश्न झाला,” न्यायाधीश म्हणाले. “तो बिशपांच्या न्यायालयात विचारा. राजाचं न्यायालय चर्चच्या भिंतीपलीकडे पाहत नाही.”

“पण पंगतीला भिंतीपलीकडचं ऐकू येतं,” मी म्हटलं.

कारकुनाने हे लिहून घेतलं नाही. दुपारच्या जेवणाआधी निकाल लागला. मूल जिवंत जन्मलं, चार भिंतींच्या आत रडलं, आणि एल्डरविक सरदार फुल्क यांच्याकडे त्यांच्या हयातभर राहील. मग सगळे जेवायला बसले.

मी विहिरीपाशी जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने भावजी बाहेर आले. एकटेच.

“रागावू नकोस, पर्नेल. तू इथेच राहा. जिन्यावरची खोली तुझीच.”

माझ्या आजोबांनी बांधलेल्या जिन्यावरची माझी खोली त्यांनी मला इतक्या मोठ्या मनाने दिली की आभार मानायला तोंड उघडलंच होतं. पण ते पुढे बोलू लागले, आणि आवाज एकदम निराळा झाला.

“एक विचारू? कसा दिसत होता तो?”

मी विहिरीच्या काठावर टेकले.

“मी वर यायला हवं होतं. तेव्हा... तुला माहीत आहे तेव्हा मी कशाच्या मागे होतो. पण तो आवाज आला ना, तेव्हा जहागीर वगैरे काही डोक्यात नव्हतं. हातातला पेला सुटला माझ्या. वाटलं, आपल्याला कुणीतरी हाक मारली.” त्यांचे डोळे भरले होते. मला तोवर वाटत होतं की हा माणूस ठरवून खोटं बोलतोय. तो खोटं बोलत नव्हता. त्याने खरंच ऐकलं होतं.

“मुलगी होती, भावजी,” मी म्हटलं. “भरपूर काळं जावळ होतं. पण ती रडली नाही. तिने तोंड उघडलंच नाही.”

“मग कोण रडलं?”

“मी.”

ते एक पाऊल मागे सरले.

“गुनिल्डा पोरीला पालथं घालून थोपटत होती आणि माझ्या हातात ताईचा हात गार पडला. मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. गुनिल्डा म्हणाली, असा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. घसा चार दिवस बसला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मला बोलता येत नव्हतं, ते त्यामुळे.”

हेच सांगायला मी आत उभी राहिले होते. पाणचक्की, कुरणं, घर, सगळं माझ्याच रडण्यावर माझ्या हातून गेलं होतं. सरदार अन्सेलांचं एक बरोबर होतं, की रडणं मोठ्या घराण्यातलं होतं.

भावजींनी विहिरीत पाहिलं. दालनातून पेल्यांचा आवाज येत होता. त्यांनी डोळे पुसले, बाही झटकली, आणि पुन्हा सरदार झाले.

“आता त्याचा उपयोग नाही,” ते म्हणाले. “कोर्टानं ऐकलंय.”

ते जायला वळले. मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची असेन, आणि तोवर मला वाटायचं की न्याय आणि अन्याय एवढ्या दोनच गोष्टी असतात. त्या वाक्यानं मला तिसरी शिकवली.

“थांबा भावजी. कोर्टानं ऐकलंय ना? मग ती जिवंत होती.”

“होती.”

“जिवंत होती तर गुनिल्डाने घातलेलं पाणी तिला लागू पडलं. आणि लागू पडलं, तर ती भिंतीबाहेर काय करतेय?”

ते थांबले. “तू बिशपांकडे जाणार आहेस.”

“तिथे सुईणीचं म्हणणं ऐकून घेतात म्हणे. एका बाजूला तुमचे बारा पंच आणि दुसऱ्या बाजूला भिंतीबाहेरचा खड्डा. बिशप विचारतीलच, की हे कसं.”

“आणि मी तिला आत घेतलं तर?”

“तर विचारण्यासारखं काही उरणार नाही.”

भावजी हुशार होते. रिकाम्या माणसाला हुशार व्हावंच लागतं. “तुझ्याकडे तेवढा एकच पुरावा आहे, पर्नेल. तो खड्डा. तो उकरला की तुझं बोलणंच संपलं. मी मरेपर्यंत.”

“कळतंय मला.”

“मी काही म्हातारा नाही.”

“तेही दिसतंय.”

मी वेडी आहे की आपण काही गमावतो आहोत, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मग त्यांनी फादर वॉल्टरना बोलावणं धाडलं.

फादर वॉल्टरना आधी पटेना. झालेल्या गोष्टी निकालाने बदलतात का, असं ते विचारू लागले. भावजी त्यांच्याशी चर्चच्या गळक्या छपराबद्दल काही बोलले. तेव्हा फादरना आठवलं की श्वास कधीकधी इतका मंद असतो की सुईणीच्याही लक्षात येत नाही. राजाच्या न्यायालयात बारा सरदारांनी शपथेवर जे ऐकलं ते एका गावंढळ बाईला कळलं नसेल, यात नवल ते काय.

“मी म्हनलंच हुतं,” गुनिल्डा म्हणाली. तिने असं काही म्हटलं नव्हतं, पण टोपली पुन्हा तिच्याच हातात होती आणि ती रडत होती, म्हणून कुणी बोललं नाही.

ताईच्या उशाशी नवा खड्डा घेतला. या वेळी भावजी आले होते. टोपली खाली उतरवताना त्यांनी ओढणीचं टोक हळूच उचलायला हात पुढे केला, गुनिल्डाने मान हलवली, आणि ते मागे सरले. थंडीचे दिवस असले तरी ते दोन महिन्यांपूर्वीचं पोर होतं.

पुढे भावजींनी तिथे कोरीव दगड बसवला. ‘रोजर द ग्रोव्हाल, एल्डरविकचा वारस’. मी म्हटलं, मुलगी आहे ती. ते म्हणाले, पंचांनी मुलगा म्हटलंय, आता दगडावर दुसरं लिहून कसं चालेल? असं बोट लागलेल्या त्या मूळपुरुषाचं नाव एका मुलीच्या छातीवर ठेवलं गेलं. गुनिल्डाला वाचता येत नव्हतं. दगडावर काय लिहिलंय असं तिने विचारलं, तेव्हा मी ‘माबिल’ म्हणून सांगितलं. ती मरेपर्यंत दर रविवारी त्या अक्षरांवरून बोट फिरवायची.

भावजींनी एल्डरविक पोटभर खाल्लं. दुसरं लग्न केलं, त्यांना मुलं झाली, आणि ती सगळी खणखणीत रडली, पण आमच्या जमिनीच्या दृष्टीने त्या रडण्याला काही अर्थ नव्हता. मी जिन्यावरच्या खोलीत राहिले. दर हिवाळ्यात त्यांना खोकला व्हायचा आणि मी स्वतः वाडगाभर गरम सूप घेऊन जायचे. ते संशयाने विचारायचे, “यात काय घातलंयस?”

“आशा,” मी म्हणायचे. ते हसायचे आणि पिऊन टाकायचे. दात शेवटपर्यंत सुंदर होते त्यांचे.

गेल्या वसंतात ते गेले. दालनात सगळे जमले होते आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते, कारण मालकीण आता मी होते आणि चार अश्रू मीच आधी गाळायला हवे होते. मी गाळले नाहीत. चार भिंतींच्या आत मी त्या सेंट मार्टिनच्या दिवसानंतर कधीच रडलेले नाही. कुणाला काय मिळून जाईल, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाथरवटाला घेऊन चर्चच्या आवारात गेले. मालकीण म्हणून तो माझा पहिला हुकूम. त्याने छिन्नी लावून ‘रोजर द ग्रोव्हाल’ तासून काढलं. तासायला वेळ लागला, कारण भावजींनी दगड चांगला घेतला होता. त्या जागी मी गुनिल्डाला सांगितलेलं नाव त्याने खडूने आखलं आणि कोरलं. मग भुकटी फुंकून त्याने खालच्या ओळीवर छिन्नी ठेवली.

“आणि हे ‘एल्डरविकचा वारस’? हे पण काढू, बाईसाहेब?”

“ते राहू दे,” मी म्हटलं. “ते कोर्टानं ऐकलंय.”